मदत हवी आहे: फणसावरच्या घरट्यातील मुंग्यांची प्रजाती कशी ठरवावी?

खानापूर तालुक्यातील आमच्या खाजगी मळ्यात, फणसाच्या फांदीवर सुमारे 12 फूट उंचीवर, चघळलेल्या वनस्पतींच्या तंतूंचे नारळाएवढे तपकिरी घरटे आहे. डिवचल्यावर मुंग्या उदर डोक्यावर उचलतात. उदर वरून पत्त्यांतील बदामाच्या आकाराचे दिसते आणि कमरेचा दुसरा सांधा त्याच्या वरच्या बाजूस जोडलेला आहे. त्यामुळे वंश क्रेमॅटोगॅस्टर हाच, याविषयी मला शंका नाही. अडचण पुढची आहे.

घरट्याला धक्का न लावता, फांदीवरच्या रांगेतून आठ कामकरी मुंग्या ओल्या ब्रशने उचलून मी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या आहेत आणि कुपीत तारीख व झाडाचे नाव पेन्सिलीने लिहून टाकले आहे. राणी मिळालेली नाही, आणि एवढी देखणी वसाहत त्यासाठी फोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. माझ्याकडे 10 पट भिंग आणि मोबाईलचे मॅक्रो लेन्स आहे, सूक्ष्मदर्शक नाही.

पाठीवरील काट्यांची लांबी व दिशा, कमरेच्या पहिल्या सांध्याचा वरून दिसणारा आकार आणि स्पर्शिकेच्या टोकाच्या जाड खंडांची संख्या, यांपैकी कोणती लक्षणे एवढ्या साधनांवर विश्वासाने पाहता येतील, आणि त्यासाठी नमुने आधी सुकवून त्रिकोणी कार्डावर चिकटवावेत की अल्कोहोलमध्येच तपासावेत?