पणजोबांची नोंद कुठे मिळेल? (ता. कोरेगाव, जि. सातारा)

डोंबिवलीकर_लेक
पणजोबा कोरेगाव तालुक्यातून गिरणीत नोकरीला मुंबईला आले ते इथलेच झाले. गावची जमीन चुलत्यांच्या नावावर आहे. पणजोबांच्या जन्माची किंवा त्यांच्या वडिलांची काही नोंद मिळाली तर हवी आहे. तहसीलमध्ये म्हणतात, 'साल सांगा.' साल माहीत असतं तर आले असते कशाला? आडनावावरून शोधता येतं का?

निवृत्त_रेकॉर्डकीपर
ताई, आडनाव बाजूला ठेवा. जुन्या दप्तरात माणूस 'गणू बिन रामा', म्हणजे रामाचा मुलगा गणू, असा सापडतो. आडनाव असलंच तर सख्ख्या भावांची दोन वेगळी.

साल काढायचं तर जमिनीच्या मागे लागा. त्या जमिनीचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा मागा. नावाशेजारी गोल केलेले आकडे म्हणजे फेरफार नंबर, जमिनीवरचं नाव बदललं त्या नोंदीचा. त्या नंबरचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढा. 'अमका मयत, वारस अमके' असं लिहिलेलं असतं. मुलगे, विधवा, कधी सासरी गेलेल्या मुलीही. मग त्याच्या मागचा फेरफार, मग त्याच्याही मागचा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले असतील तर आधी जुना सर्व्हे नंबर जुळवून घ्या, नाहीतर दुसऱ्याचेच पूर्वज घरी घेऊन याल.

साल हाती लागलं की कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, गाव नमुना १४. तिथे बाळाचं नाव शोधत बसू नका. नोंद बारशाआधीच व्हायची, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा', संपलं. मृत्यूच्या कारणात ओळीने 'ताप', 'ताप', 'ताप'.

पणजोबा शाळेत गेले असतील तर तिथलं जनरल रजिस्टरही बघा. जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली समजा.

मोडी_वाचतो
काकांशी सहमत. जुनी पानं बहुतेक मोडीत निघतील, फोटो नीट उजेडात काढा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा बरीच दप्तरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमचं गाव त्यात आहे का बघा, जातीचा प्रश्न नसला तरी. आणि घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला गेलं होतं का? तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीत गाव-आडनावावरून पिढ्या सापडतात. आडनाव कामाला येतं ते तिथे.

डोंबिवलीकर_लेक
चुलते कागद दाखवणार नाहीत. हिस्सा मागायला आली असंच वाटेल त्यांना.

निवृत्त_रेकॉर्डकीपर
त्यांना विचारायचंच कशाला? सातबारा-फेरफाराची नक्कल अर्ज करून, फी भरून कुणालाही मिळते. आधी 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर शोधा, घरबसल्या काम झालं तर झालं. जावंच लागलं तर अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार नंबर स्वच्छ लिहा. 'सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत' असा अर्ज आला की आम्ही तो गठ्ठ्याच्या तळाला सारायचो. आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळा तालुका तिथेच असतो.