मदत हवी आहे : लढाऊ विमानांची इंजिने जमिनीवर चालवून तपासणाऱ्यांचे अनुभव

नमस्कार. दुरुस्तीनंतर लढाऊ विमानाचे जेट इंजिन जमिनीवरच पूर्ण शक्तीने चालवून तपासणाऱ्या ग्राउंड क्रूच्या कामावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. वैमानिकांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, या मंडळींविषयी मात्र फारच थोडे, आणि ही उणीव मला मनापासून खटकते.

तांत्रिक बाजू मला बऱ्यापैकी उमगली आहे. एफ-४ फँटम या अमेरिकी लढाऊ विमानातील जे-७९ या इंजिनाच्या कॉम्प्रेसरला (हवा दाबणाऱ्या भागाला) १७ टप्पे असतात आणि आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारी यंत्रणा) पेटल्यावर ते सुमारे ८ टन रेटा देते, हे पुस्तकात सापडते. परंतु साखळ्यांनी जखडलेले विमान थ्रॉटल पुढे सरकताच नाक खाली दाबते, तेव्हा त्याच्या पोटाखाली उभे राहून उघड्या पॅनेलमधून इंधनाची गळती शोधणाऱ्या माणसाला काय जाणवते, हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. कानात बोळे आणि त्यावर इअर डिफेंडर असूनही आवाज छातीच्या पिंजऱ्यातून आत शिरतो, असे म्हणतात. ते वर्णन मला प्रत्यक्ष काम केलेल्यांच्या शब्दांत हवे आहे.

हाताच्या खुणांनी कॉकपिटशी बोलणे कसे चालत असे? हवा आत खेचणाऱ्या इनटेकपासून अंतर राखण्याची सवय अंगवळणी पडायला किती काळ लागला? आफ्टरबर्नरच्या झोतात ओळीने दिसणारे हिऱ्यांसारखे चमकते आकार (शॉक डायमंड) पहिल्यांदा कधी पाहिले? आपण किंवा आपल्या घरातील कोणी हे काम केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. गोपनीय स्वरूपाची कोणतीही माहिती नको आहे.