मिरजेचं 'मरिज' करणारं नवं व्हर्जन आपल्या पूर-नकाशाला घ्यायचं का?

काठावरचा (सांगली)

पूर-नकाशावर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हा विषय मुद्दाम काढतोय. पाऊस सुरू झाला की सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघण्यातच दिवस जातो, तेव्हा कोडला हात लावायची हिंमत कुणाचीच होत नाही. जे ठरवायचं ते आत्ताच ठरवू.

आपला नकाशा लीफलेट १.९.४ वर चालतो (लीफलेट म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवणारी तयार कोडची लायब्ररी). ही आवृत्ती २०२३ ची. २०२५ च्या जानेवारीत तशाच दुसऱ्या लायब्ररीचं, मॅपलिब्र जीएल जेएसचं ५ आलं, त्याच वर्षी मे महिन्यात लीफलेट २ चं अल्फा, म्हणजे कच्ची चाचणी आवृत्ती आली, आणि तेव्हापासून गटात दोन तट पडलेत. माझं मत आधीच सांगतो: लीफलेटवरच राहायचं. २ पक्कं झालं की त्यावर जायचं. मॅपलिब्र नको.

कारण एकच, पण माझ्यासाठी ते मोठं आहे. नावं.

मॅपलिब्र ५.० वर आपल्या जिल्ह्याची नावं टाकून बघितली. मिरजेचं 'मरिज' झालं. शिराळ्याची वेलांटी 'श' सोडून 'रा' वर जाऊन बसली. ब्रह्मनाळ 'ब्‌रह्‌मनाळ' असं पाय मोडून आलं. असं का होतं ते नीट समजून घ्या. लीफलेटमध्ये आपण लिहिलेलं नाव ब्राउझर स्वतः काढतो, आणि ब्राउझरला जोडाक्षरं येतात. मॅपलिब्र मात्र अक्षरं स्वतःच काढतं. २५६ अक्षरांची एकेक फाईल मागवतं (देवनागरीची फाईल २३०४-२५५९ या नावाची) आणि त्यातली चित्रं टाइप केलेल्या क्रमानं एकापुढे एक ठेवतं. 'मि' टाइप करताना आधी म, मग वेलांटी. म्हणून वेलांटी म च्या नंतर येते, आणि वाचणाऱ्याला ती र ची वाटते. चिनी-जपानी अक्षरं फोनच्याच फॉण्टनं काढायची सोय त्यात आहे, अरबीसाठी वेगळं प्लगइन (वरून जोडायचा कोड) आहे. आपल्या लिपीला मूळ वाटेत असं काही मिळालं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बोट उलटून ज्या ब्रह्मनाळनं माणसं गमावली, त्या गावाचं नाव मोडून दाखवणारा नकाशा मी लोकांपुढे ठेवणार नाही.

बिंदू_रेषा (विश्रामबाग)

दादा, नावांचं पटतं. पण एका दुखण्यासाठी तू अख्खा उपाय नाकारतोयस.

आपला नकाशा कशासाठी आहे? पुलाजवळ पाणी इतक्या फुटांवर गेलं तर माझ्या गल्लीत येईल का, एवढं सांगण्यासाठी. माणूस पानावरची पाणीपातळीची पट्टी सरकवतो. ४० फूट, इशारा पातळी. ४५, धोका पातळी. सध्या पट्टी सरकली की आपण प्रत्येक आकृतीपाशी जाऊन तिचा रंग बदलतो, आणि शहरातल्या हजारो इमारती वेगवेगळ्या काढलेल्या आहेत. माझ्या स्वतःच्या फोनवर पट्टी सोडल्यावर रंग बदलायला मी तीनपर्यंत मोजते. घाबरलेला माणूस तेवढ्यात चार वेळा पट्टी ओढतो आणि पान अडकतं. सगळ्या आकृत्या कॅनव्हासवर, म्हणजे एकाच चित्रात, काढायचा पर्याय लावला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मॅपलिब्र ५ च्या पुढच्या आवृत्त्यांत ग्लोबल-स्टेट आलं. 'पाणी' नावाचा एकच आकडा ठेवायचा. इमारती, रस्ते, निवारा केंद्रं, सगळ्या थरांच्या नियमांत तोच आकडा वापरायचा. पट्टी सरकली की आपण फक्त तो आकडा बदलतो, बाकी सगळं आपोआप बदलतं. आपल्या नकाशाला यापेक्षा नेमकी गोष्ट कुठल्याही नव्या आवृत्तीत मी बघितलेली नाही. ५ च्या घोषणेत गाजली ती पृथ्वीच्या गोळ्याची सोय, तिचा आपल्याला काडीचा उपयोग नाही हे मीही मानते. पण म्हणून बाकीचं कशाला टाकायचं?

दुसरं, पीएमटाइल्स. अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा एकाच फाईलमध्ये ठेवायचा, आणि फोन त्यातला हवा तेवढाच तुकडा मागतो. साध्या होस्टिंगवर चालतं, वेगळा टाइल-सर्व्हर (नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, पुरवणारा) लागत नाही. आज आपण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाच्या सर्व्हरवरून टाइल्स घेतो. तो सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतो, जास्त भार टाकू नका असं त्यांनी नियमातच लिहिलंय. पुराच्या रात्री अख्खी सांगली एकदम नकाशा उघडेल तेव्हा त्यांनी आपल्याला थांबवलं तर दोष कुणाला देणार?

नावांवर वाटा आहेत. नदीकाठच्या गावांची नावं साध्या एचटीएमएल मार्करनं (नकाशावर ठेवलेली वेबपानाची साधी पाटी) ठेवता येतात, ती ब्राउझरच काढतो. शिवाय काही जणांनी देवनागरीची अक्षरं आधीच जोडून ठेवलेला फॉण्ट बनवलाय, तोही वापरून बघता येईल.

कोडकर_३

बिंदूताईंना पाठिंबा. आणि लीफलेट २ काही फुकटात मिळणार नाही. कोडमधलं 'एल डॉट मार्कर' जाऊन 'न्यू मार्कर' लिहावं लागेल, सगळं मॉड्यूलमध्ये न्यावं लागेल. आपण वापरतो ती प्लगइन्स जुन्या 'एल' वरच उभी आहेत. पुन्हा लिहायचंच असेल तर एकदाच पुढचं लिहू.

काठावरचा

@कोडकर_३, पुन्हा लिहिण्यात एक खड्डा आहे, तो कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. लीफलेट आधी अक्षांश घेतं, मॅपलिब्र आधी रेखांश. सांगली साधारण १६.८५ उत्तर, ७४.५६ पूर्व. हे आकडे उलटे गेले तर निवारा केंद्र नॉर्वेच्या उत्तरेला बेअर बेटाजवळच्या समुद्रात जातं. आणि दोन्ही आकडे ९० च्या आत असल्यामुळे लायब्ररी चूक दाखवत नाही. नकाशा उघडतो, छान दिसतो, फक्त निवाऱ्याची शाळा जागेवर नसते. मागे एका यादीत माझ्याच हातून हे झालं होतं आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवस उन्हाळ्याचे होते म्हणून निभावलं. त्या दोन दिवसांची मला अजून धास्ती वाटते.

@बिंदू_रेषा, एचटीएमएल मार्कर मी करून बघितले. नकाशा लहान केला की पलूस, भिलवडी, अंकलखोप, औदुंबर सगळी एकमेकांवर चढतात. मॅपलिब्र स्वतःची नावं एकमेकांवर येऊ देत नाही, पण मार्करना तो नियम लागत नाही. आणि पीएमटाइल्ससाठी मॅपलिब्रच हवं असं नाही. पीएमटाइल्स बनवणाऱ्या प्रोटोमॅप्सचं लीफलेटसाठीचं प्लगइन तीच फाईल वाचतं आणि कॅनव्हासवर काढतं, म्हणजे अक्षरं पुन्हा ब्राउझरच्याच हातची. मिरज 'मिरज' दिसतं.

मोजणीवाला (सातारा)

साताऱ्यात बसून बोलतोय, पण पाणी आमच्याकडूनच तुमच्याकडे येतं, म्हणून लिहितो.

तुम्ही दोघंही पट्टी किती वेगानं सरकते यावर भांडताय. पट्टीच्या मागचा आकडा कुठला आहे? जमिनीची उंची तुम्ही एसआरटीएममधून घेतलीय, म्हणजे २००० साली अंतराळयानातून केलेली रडार मोजणी. तिचा एक चौकोन ३० मीटरचा, उंचीतली चूक मीटरांत. तुमची पट्टी फुटाफुटानं सरकते. एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर. ज्या मोजणीत घराच्या छपराची नि झाडाच्या शेंड्याची उंची जमिनीत मिसळली आहे, तिच्यावरून 'तुमच्या गल्लीत ४३ फुटांना पाणी येईल' असं सांगायला मी तरी धजणार नाही.

दुसरं असं की आयर्विनचा आकडा आयर्विनपाशी खरा. नदीला उतार असतो. भिलवडीला तो आकडा लावता येत नाही. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि वर तुंबतं. हे कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या आवृत्तीत येणार?

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा मोठा पूर आला. त्याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) घेऊन त्या खुणा मोजा. दहा माणसं, दोन आठवडे. कोड त्यानंतर.

बिंदू_रेषा

सर, खुणा मोजायला मी पहिली येते. पण 'कोड त्यानंतर' हे मान्य नाही. माहिती सुधारेपर्यंत नकाशा तसाच अडकत राहिला तर लोक तो उघडायचं सोडून देतील, मग सुधारलेली माहिती कुणासाठी? आणि फुटाफुटाची पट्टी चूक असेल तर ती अडीच-अडीच फुटांची करू, खाली 'अंदाज' असं ठळक लिहू. ते आजच्या आज होतं.

पलूसकरीण

मी कोड लिहीत नाही. २०२१ ला आमच्या भागात लोकांना बाहेर काढताना फोन हातात होता, तेव्हाचं सांगते.

पाऊस चालू, हात ओले. ओल्या बोटानं नकाशा सरकत नाही, दोन बोटांनी मोठा तर होतच नाही. माझ्या चुलत्यांचा फोन जुना, काचेला तडा गेलेला. त्यांनी नकाशा बघितलाच नाही, मला म्हणाले, "तू नाव वाच, मी वाट सांगतो." मी नावं वाचत गेले नि ते सांगत गेले की हा रस्ता ओढ्यापाशी बुडतो, तिकडून नको, माळावरून जा. त्यामुळे नावं बरोबर हवीतच, काठावरच्या दादांचं शंभर टक्के खरं आहे. नाव चुकलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच गावाची वाट सांगितली असती.

पण दादा, जुन्या आवृत्तीवर अडून बसायचं हेही पटत नाही. दोन हजार एकोणीसला लाईट गेली, टॉवर बंद पडले, कुणाचाच नकाशा उघडला नाही. बिंदूताई म्हणतात तशी एक फाईल आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवता येत असेल तर मला तेच हवंय, कशावरही बनवा. मोजणीवाले सर, तुमची मोजणी बरोबर असेल, पण आम्हाला गल्लीत पाणी किती फुटांना येतं हे पाठ आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथल्या कुठल्याही बाईला विचारा. पाणी यायच्या आधी रस्ता कुठला बंद होतो, ते सांगा. तुमच्या नकाशात रस्ता आहे, पण त्यावरचा फरशी पूल नाही.

मोजणीवाला (सातारा)

ताई, फरशी पुलाचं मनापासून मान्य. ओपनस्ट्रीटमॅपवर पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्यासाठी 'फोर्ड' ही खूण आहे आणि पूर येणाऱ्या जागेसाठी 'फ्लड प्रोन'. पलूस आणि वाळवा तालुक्यांत त्या टाकायला मी बसतो, गावांतून कुणी सांगत गेलं तर. खुणांची मोजणी मात्र मी सोडणार नाही.

काठावरचा

फाईल फोनमध्ये आधी उतरवून ठेवायचं मी मनावर घेतो. लीफलेट आणि प्रोटोमॅप्सचं प्लगइन धरून ते पावसाआधी करायला घेतो. ग्लोबल-स्टेट आपल्या कामाचं आहे, हे मी नाकारत नाही. पण जिल्ह्यातल्या एकूण एक गावाचं नाव बरोबर दिसेपर्यंत मॅपलिब्रवरचं पान लोकांना देऊ नये, यावर मी ठाम आहे.

बिंदू_रेषा

आणि प्लगइननं कॅनव्हासवर काढलेला नकाशा स्वस्त फोनवर परत अडकणार, यावर मी ठाम आहे. मॅपलिब्रची शाखा, म्हणजे कोडची वेगळी प्रत, मी चालू ठेवते. जोडलेल्या अक्षरांच्या फॉण्टनं काल रात्री पहिली दहा नावं टाकली. मिरज, शिराळा, विटा बरोबर आली. ब्रह्मनाळमधला 'ह्म' अजून फुटतोय.