पीक संरक्षणाचा परवाना आणि बंदुकीचं प्रशिक्षण

वर एकांनी लिहिलंय की पीक संरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना हातात असला की प्रशिक्षण म्हणजे नुसता कागद. अजिबात पटलं नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद उगाच केलेली नाही. शिवाय बंदुकीच्या परवान्याने रानडुक्कर किंवा गवा मारायची मुभा मिळत नाही. शिकारबंदी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आहे. नवख्याला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

प्रशिक्षकाला डमी (दारू नसलेली) काडतुसं आणायला सांगा, म्हणजे पुढचा धोका दाखवता येईल. बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. १२ बोअरमध्ये २० बोअरचं काडतूस घातलं तर ते चेंबरमधून (काडतूस बसायच्या जागेतून) पुढे घसरून नळीत अडकतं. बार होत नाही, मागून चेंबर रिकामा दिसतो, माणूस १२ चं काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी फुटते, तीही पुढच्या हाताजवळच. म्हणूनच २० चं काडतूस सहसा पिवळं असतं. दोन्ही एका खिशात कधीच नकोत.

ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीला गज, म्हणजे ठासायची कांब, हाच तपासणीस. रिकाम्या नळीत गज पूर्ण सोडून तोंडाशी खूण करा. नंतर तपासताना खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. पावसात दारू ओलावते, उशिरा पेटते. बार उडाला नाही तर तोंड मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा, नळीत डोकावू नका.

कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडताना आधी काडतूस बाहेर, नंतर बंदूक उघडी पलीकडे, मग आपण. जांभ्यावर छर्रे उसळतात, हेही ध्यानात ठेवा.