कंपनी राजीनामा मागतेय, लिहून द्यावा का? आणि बाहेर नोकऱ्या खरंच आहेत का?

भोसरीकर: मंडळी, मी चाकणला इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर, पर्मनंट, १४ वर्षं झाली. ऑर्डर कमी झाल्या म्हणून आमची लाईन बंद करतायत, एचआर म्हणतंय आपणहून राजीनामा द्या, तीन महिन्यांचा पगार देतो, शनिवारपर्यंत सांगा. वय ४२, घराचा हप्ता चालू, पोरगी दहावीला. टीव्हीवर सांगतात बेरोजगारी ३ टक्के, मग जिथे विचारतो तिथे कॉन्ट्रॅक्टवरच या असं का म्हणतात?

सातारी: दादा, सही करू नका!! राजीनामा दिला की कपातीची भरपाई गेली. कायद्याने कामगाराला काढायचं तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे तुमचे १४ वर्षांचे साधारण सात महिने होतात, वर किमान एक महिन्याची नोटीस. ते तीन देऊन मोकळे होतायत. ग्रॅच्युइटी तर वेगळीच, महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६ गुणिले १५ गुणिले १४, ती राजीनामा दिला तरी मिळतेच, तेव्हा ती त्या तीन महिन्यांत धरून दाखवत असतील तर तेही बघा. आणि त्याच कामावर तुमच्यानंतर लागलेले पर्मनंट ठेवून तुम्हाला काढत असतील तर कारण लेखी मागा. युनियन नसली तरी कामगार आयुक्त कार्यालयात जाता येतं.

आकडेवाला: ते ३.२ टक्के २०२३-२४ च्या सरकारी पाहणीतले आहेत, पण त्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणारासुद्धा रोजगारात धरतात. त्याच पाहणीत शेतीवरच्या लोकांचा वाटा २०१८-१९ च्या ४२.५ वरून ४६.१ टक्क्यांवर गेलाय, म्हणजे माणूस कारखान्याकडे जायच्या ऐवजी शेताकडे वळलाय. कारखान्यांतही दहातले चार कामगार आता ठेकेदाराचे. त्यामुळे तुम्हाला जे उत्तर मिळतंय ते तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही हो.

व्हीएमसीवाला: काम आहे पण जागा बघून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह काहीच नसतं, ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग मात्र राहणारच, तर असे पार्ट करणाऱ्यांकडे आधी अर्ज टाका. नुसतं मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणं-काढणं येत असेल तर पगार पडतो, प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग स्वतः करणाऱ्याला अजून मान आहे. फॅनकवर, म्हणजे त्या कंपनीच्या मशीन-कंट्रोलवर, हात बसलाय का तुमचा?

भोसरीकर: हो, फॅनकच, ऑफसेट (टूलच्या मापातला फरक भरून काढणं), टूल सेटिंग मीच करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही पण दुरुस्त करतो. सही करत नाही, उद्या बाकीच्या पोरांनाही सांगतो.

व्हीएमसीवाला: मग बायोडाटात ऑपरेटर नको, सेटर-कम-ऑपरेटर लिहा. आणि नोकरी चालू आहे तोवरच मुलाखती द्या.