मदत हवी आहे: सुपर मारिओ गेम ५ मिनिटांच्या आत संपतच नाहीये

सोलापूरकर:
तीन महिने ५:०९ वर अडकलोय. १-२ (पहिल्या जगाची दुसरी लेव्हल) मधून चौथ्या जगात, ४-२ मधून थेट आठव्यात, म्हणजे रूट सगळ्यांचाच. कुठे मरत नाही. रूटमध्ये अजून काय बदलू? लवकर सांगा, रविवारी मित्रांसमोर खेळायचंय.

मृद्गंध:
कशावर खेळता? एनटीएससी (६० हर्ट्झ) की पाल (५० हर्ट्झ)? ४-२ मध्ये वॉर्पकडे (पुढच्या जगात उडी मारायच्या जागी) वेलीवरून जाता की पाइपातून? घड्याळ कधी सुरू करता?

नाना_पुणे:
त्यापेक्षा मारिओ ६४ घ्या. शेवटच्या बाउझरपर्यंत (खलनायकापर्यंत) पोचायला ७० तारे लागायचे. उलट्या लांब उडीची युक्ती सापडली आणि १६ वर आलं, मग १, मग ०! रूट बदलणं याला म्हणतात.

सोलापूरकर:
नाना, माझा प्रश्न पहिल्या मारिओचा आहे. एम्युलेटर (जुना गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम), एनटीएससी. वेलीवरून. स्टार्ट दाबल्यापासून मोजतो.

मृद्गंध:
मोजणी चुकतेय. पडद्यावर गेमच्या घड्याळात ४०० दिसल्यापासून ८-४ मध्ये कुऱ्हाडीला हात लागेपर्यंतची वेळ धरतात.
आणि वेल सोडा. पाइप कुठे नेणार हे स्क्रीन किती पुढे सरकली यावर ठरतं. ठोकळ्यांच्या कडेला धडकून मारिओला पडद्यावर थोडा उजवीकडे आणा, स्क्रीन मागे राहते. मग नाण्यांच्या खोलीचा पाइप तुम्हाला थेट वॉर्पवाल्या जागी सोडतो. वेल उगवण्याचा, चढण्याचा वेळ वाचतो.

अभय_के:
असहमत. आधी हात बसवा. ५:०९ वाल्याने या पाइपच्या नादी लागू नये, दहातले आठ रन तिथेच मरतील.

मृद्गंध:
अभय, सुटे सुटे क्षण वाचवून ८-४ आधी काही मिळत नाही. लेव्हल संपल्यावर गेम दर २१ फ्रेमनीच (पडद्यावरच्या चित्रांनीच) पुढे सोडतो, साधारण ०.३५ सेकंद. लोकलसारखं आहे, फलाटावर दहा सेकंद आधी पोचलात तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. म्हणून अख्खी गाडी पकडून देणारा बदल हवा. निफ्टस्की या खेळाडूने २०२१ मध्ये ४:५५ च्या आत पहिल्यांदा पोचून दाखवलं ते अशाच एकेका गाडीसाठी झगडून.

रेवा:
आमच्याकडच्या कॅसेटवाल्या गेममध्ये मारिओ सावकाश पळायचा ना? ५० हर्ट्झ टीव्हीमुळे का?

अभय_के:
हो, ६० ऐवजी ५० फ्रेम. ५ मिनिटांचा रन ६ चा व्हायचा.

सोलापूरकर:
पाइप वीस वेळा केला. एकदाच जमला, बाकी नाण्यांची खोली. धडकायचं नेमकं कुठल्या ठोकळ्याला? कुणी सेव्ह स्टेट (तिथूनच खेळ सुरू करता येईल अशी फाइल) देईल का?