मदत हवी आहे: पासवर्ड बरोबर असूनही चूकच दाखवतंय

खाडीपलीकडे: मालवणच्या होमस्टेचं बुकिंग ॲप आहे. लॉगिन झालेल्याने बुकिंग रद्द करताना पासवर्ड परत टाकायचा. टाकलेल्या पासवर्डचा हॅश (त्यापासून बनणारा, उलटा न फिरवता येणारा सांकेतिक मजकूर) काढून डेटाबेसमधल्याशी ताडतोय, दर वेळी चूक. दिवाळीची बुकिंगं सुरू व्हायच्या आत हवंय, लवकर सांगा.

रातांबा: फ्रेमवर्क कुठलं? हॅश कशाने काढताय?

खाडीपलीकडे: जँगो, पायथनमधलं. हॅश त्याच्या मेक_पासवर्ड फंक्शनने.

रातांबा: तिथेच घोळ. मेक_पासवर्ड दर वेळी नवा सॉल्ट (हॅश काढताना मिसळायची कुठलीही अक्षरं) घालतं, एकाच पासवर्डचे दोन हॅश जुळायचे नाहीत. पासवर्डचा रकाना उघडून बघा: अल्गोरिदम, फेऱ्या, सॉल्ट, हॅश, मध्ये डॉलरची चिन्हं. रिक्वेस्ट.यूजर.चेक_पासवर्ड() त्यातलाच सॉल्ट उचलून ताडतं. कंसात टाकलेला पासवर्ड जसाच्या तसा द्या, हॅश नको.

किनारा_३: लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये करंट_पासवर्ड एवढा एक नियम लिहिला की काम झालं. कशाला डोकं खाजवताय?

रातांबा: त्याने लाराव्हेल विचारलंय का?

सड्यावरचा: चेक_पासवर्डपेक्षा ऑथेंटिकेट बरं. चुकलं की यूजर_लॉगिन_फेल्ड सिग्नल (जँगोची आतली सूचना) जातो, तो मोजून पाच चुकांनंतर खातं अडवता येतं. नाहीतर उघड्या राहिलेल्या मोबाइलवर कोणीही हजार अंदाज मारेल.

रातांबा: मोजायला हवंच, पण ते व्ह्यूमध्येही (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या तुमच्या कोडमध्ये) होतं. ऑथेंटिकेटने नन (रिकामं उत्तर) दिलं तर पासवर्ड चुकला की खातं निष्क्रिय, ते कळत नाही.

किनारा_३: पासवर्ड बदलायची सोय देणार असाल तर अपडेट_सेशन_ऑथ_हॅश विसरू नका, नाहीतर बदलल्या बदलल्या माणूस लॉगआउट.

खाडीपलीकडे: बदलायचा नाहीये हो! चेक_पासवर्ड लावलं. टेस्टचं खातं चाललं, माझं अजून चूकच.

सड्यावरचा: पासवर्डच्या शेवटी स्पेस? फॉर्मचं कॅरफील्ड (मजकुराची चौकट) कडेच्या स्पेस कापतं. स्ट्रिप=फॉल्स द्या.

खाडीपलीकडे: स्पेस नाही. मी गूगलने लॉगिन करतो, त्याने फरक पडतो का?

रातांबा: अरे देवा, हे पहिल्या ओळीत हवं होतं. तुम्ही टाकताय तो गूगलचा पासवर्ड. तो तुमच्या डेटाबेसात कधी येतच नाही. तुमच्या खात्याचा रकाना बघा, उद्गारचिन्हाने सुरू होत असेल, म्हणजे त्या खात्याला वापरायचा पासवर्डच नाही. त्यावर चेक_पासवर्ड कायम फॉल्सच देणार. आधी हॅज_यूजेबल_पासवर्ड() तपासा. फॉल्स आलं तर पासवर्डची चौकट दाखवूच नका, ईमेलवर ओटीपी पाठवा. गूगलचा पासवर्ड दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये टाकायची सवय लोकांना लावू नका.

खाडीपलीकडे: उद्गारचिन्हच आहे. ओटीपी लावतो.

किनारा_३: दिवाळीत तारकर्लीला चौघांची खोली मिळेल काय?

खाडीपलीकडे: तारकर्ली भरलं. देवबागला आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.